शपथ आणि सदसद्विवेक : न्यायमूर्ती लेम्युएल शॉ

लेम्युएल शॉ (१७८१–१८६१) हे १८३० पासून तीस वर्षे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. बार्नस्टेबल येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८०० मध्ये हार्वर्डची पदवी घेतल्यावर त्यांनी बोस्टनमध्ये वकिली केली. कामगारांनी संघटना उभारणे म्हणजे गुन्हेगारी कट नव्हे, हा १८४२ चा निकाल त्यांचाच. पण त्यांचे नाव आजही वादात येते ते एका नैतिक प्रश्नामुळे : जो कायदा न्यायाधीशाला स्वतःला अधर्म वाटतो, तो त्याने राबवावा का?

हा पेच १८३६ मध्येच दिसू लागला होता. न्यू ऑर्लिन्सची मेरी स्लेटर बोस्टनला वडिलांकडे, थॉमस एव्ह्ज यांच्याकडे आली. तिच्याबरोबर मेड नावाची सहा वर्षांची गुलाम मुलगी होती. गुलामगिरीविरोधी स्त्रियांनी खटला उभा केला आणि शॉ यांनी मेडला मुक्त ठरवले. गुलामगिरी निसर्गनियमाच्या विरुद्ध आहे, ती फक्त स्थानिक कायद्याच्या आधारावर टिकते, आणि तसा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून मालकाने स्वतःहून आणलेला गुलाम येथे मुक्त होतो. पळून आलेल्या गुलामाचा प्रश्न मात्र त्यांनी वेगळा ठेवला, कारण त्याला परत देण्याचे कलम संघराज्याच्या घटनेतच होते. माणूस तोच आणि अन्यायही तोच. फरक एवढाच, की तो कोणाच्या मर्जीने सीमा ओलांडून आला.

१८५० मध्ये फरारी गुलामांविषयी नवा, अधिक कडक कायदा झाला. पुढच्या एप्रिलमध्ये जॉर्जियातून पळालेला थॉमस सिम्स हा तरुण बोस्टनमध्ये पकडला गेला. लोक त्याला सोडवून नेतील या भीतीने न्यायालयाच्या इमारतीभोवती लोखंडी साखळदंड बांधले होते. आत जाणाऱ्याला त्याखालून वाकावे लागे. शॉही वाकून आत गेले. त्यांच्या न्यायालयाने कायदा घटनात्मक ठरवून सिम्सची सुटका नाकारली. ते कलम ही संघराज्याच्या स्थापनेची अट होती, ती मोडली तर राज्याराज्यांतली शांतता मोडेल, ही त्यांची भूमिका. १२ एप्रिलला पहाटे, उजाडण्याआधीच, पोलिसांच्या पहाऱ्यात सिम्सला जहाजावर चढवण्यात आले. जॉर्जियातील सव्हाना येथे त्याला जाहीर फटके मारले गेले.

शॉ यांना दुसरा मार्गच नव्हता, हा त्यांचा नेहमीचा बचाव. तो पुरता टिकत नाही. गुलामगिरीविरोधी वक्ते वेंडेल फिलिप्स यांचे म्हणणे सरळ होते : कायद्याचा अर्थ पिळू नये, पण तो अंमलात आणणेही पाप असेल तर पद सोडावे. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तर पुढे हाच कायदा घटनाबाह्य ठरवला. तो निकाल १८५९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फिरवला, तरी तसा निकाल देता येतो हे दिसले होते. कायद्याचे अभ्यासक रॉबर्ट कव्हर यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की अशा पेचात सापडलेले न्यायाधीश शपथेची महती वाढवत नेतात आणि जबाबदारी घटनाकारांवर किंवा विधिमंडळावर ढकलतात. शॉ यांच्या निकालात हे स्पष्ट दिसते. मात्र त्यांना निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. संघराज्य फुटले तर रक्तपात होईल, ही त्यांची भीती खरी होती. प्रश्न इतकाच, की त्या शांततेची किंमत सिम्सने का मोजावी.

व्यक्तीच्या सदसद्विवेकापेक्षा समाजाच्या व्यवस्थेला वरचे स्थान देण्याची हीच वृत्ती शॉ यांच्या इतर निकालांतही दिसते. १८३८ मध्ये ॲब्नर नीलंड या मुक्तविचारकाची ईश्वरनिंदेबद्दलची शिक्षा त्यांनी कायम केली. त्यांचे सहकारी मार्कस मॉर्टन यांनी मात्र धर्मस्वातंत्र्याचा आधार घेऊन भिन्नमत नोंदवले. कृष्णवर्णीय मुलांसाठी बोस्टनमध्ये वेगळ्या शाळा ठेवणेही त्यांनी वैध ठरवले. त्या खटल्यात पाच वर्षांच्या सेरा रॉबर्ट्सच्या बाजूने चार्ल्स समनर आणि रॉबर्ट मॉरिस हे वकील लढले होते. १८५५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तशी विभागणी बंद केली, पण १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वांशिक विभागणीला मान्यता देताना शॉ यांच्याच निकालाचा दाखला घेतला.

कादंबरीकार हर्मन मेलव्हिल हे शॉ यांचे जावई. मेलव्हिल यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापल्या गेलेल्या ‘बिली बड’ या कथेतला कॅप्टन व्हिअर एका खलाशाला मनाने निर्दोष मानतो आणि तरीही फाशी देववतो. या पात्रामागे शॉ उभे आहेत, असे कव्हर यांच्यासह अनेक अभ्यासक मानतात. शॉ यांनी १८६० मध्ये पद सोडले. त्याच वर्षाअखेरीस त्यांनी इतर मान्यवरांसह एक जाहीर आवाहन काढले : फरारी गुलामांना संरक्षण देणारे मॅसॅच्युसेट्सचे कायदे रद्द करावेत. ३० मार्च १८६१ रोजी त्यांचे निधन झाले. दोन आठवड्यांतच यादवी युद्धाला तोंड फुटले.