शिबिरातला नकार

गणेशोत्सवात मंडळामंडळांतून रक्तदान शिबिरं भरतात. नेमके हेच दिवस डेंग्यूचे. प्लेटलेटसाठी नातेवाईक या रक्तपेढीतून त्या रक्तपेढीत धावत असतात आणि महिन्यापूर्वीच डेंग्यूतून उठलेला एखादा तरुण मित्रांबरोबर शिबिराच्या रांगेत उभा असतो. त्याची तळमळ खरी असते. पण राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांप्रमाणे डेंग्यू किंवा चिकुनगुनिया पूर्ण बरा झाल्यावर ६ महिने रक्त देता येत नाही.

“तपासतातच की सगळं!” हे रांगेत हमखास ऐकू येतं. आपल्याकडे प्रत्येक पिशवीच्या ५ चाचण्या सक्तीच्या आहेत: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. डेंग्यू त्यात नाही. एचआयव्हीची लागणही अगदी ताजी असेल तर चाचणीतून निसटू शकते. तिथे भिस्त राहते ती दात्याने अर्जावर दिलेल्या खऱ्या उत्तरावर.

आणि त्या अर्जाचं होतं काय? टेबलामागचा कार्यकर्ता नाव, वय, मोबाइल नंबर विचारतो, आजारांच्या रकान्यांत वरपासून खालपर्यंत ‘नाही’वर खुणा करत जातो आणि कागद सहीपुरता पुढे सरकवतो. हा मला रुग्णावर सरळसरळ अन्याय वाटतो. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे होतात, ते तिघांना दिले जाऊ शकतात. त्यांतलं एक थॅलेसेमियाचं मूल असेल, दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घेणारं. ते कुणालाच काही विचारू शकत नाही.

दोष एकट्या दात्याला देता येणार नाही. फलकावर पिशव्यांचा आकडा चढतोय, परत फिरणाऱ्याची मित्र थट्टा करताहेत, डॉक्टर चारचौघांत प्रश्न विचारताहेत. अशा जागी “मला कावीळ झाली होती” असं कोण सांगेल? मंडळांनी डॉक्टरांना पडद्याआड जागा द्यावी. ज्याला थांबवलं, त्यालाही चहा-बिस्किटं मानाने द्यावीत.

रक्त देऊन घरी आल्यावर ताप भरला तर? डेंग्यूचा विषाणू ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रक्तात असतो. त्यामुळे रक्तपेढीला लगेच फोन करावा, ती पिशवी बाजूला काढता येते. तांबड्या पेशी महिनाभर टिकतात, प्लेटलेट मात्र ५ दिवसांच्या आत वापराव्या लागतात. फोन त्याच दिवशी व्हायला हवा.