ओझे होण्याची लाज



महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजारी व वयस्कर मंडळींना घरी कम्युनियन घेऊन जातो. त्यांतले काही थोडेफार चालूफिरू शकतात. रविवारी मिस्साला का येत नाही, असे विचारले की गुडघ्याचे कारण सांगतात. खरे कारण मागाहून ओट्यावर सून हळूच सांगते. लघवी धरवत नाही, देवळात कपडे खराब होतील ही भीती.

ही लाज कशाची? नीतिशास्त्र सांगते की जेथे इच्छा नाही तेथे दोष नाही. मूत्राशय ऐकत नाही, यात कोणाची इच्छा आली? अंग झाकण्याची लज्जा वेगळी. ती घरच्यांनीही जपावी, दार लोटून घ्यावे, पाहुण्यांपुढे विषय काढू नये. पण 'मी ओझे झालो' ही लाज येते ती एका चुकीच्या समजुतीतून: स्वतःचे स्वतः करील तोच पुरा माणूस. अ‍ॅलेस्डेअर मॅकिन्टायर या कॅथलिक तत्त्वज्ञाने १९९९ सालच्या आपल्या ग्रंथात ही समजूतच तपासायला घेतली. परावलंबन हा माणूसपणाचाच भाग आहे आणि मदत नीट स्वीकारणे हाही सद्गुण आहे, असे त्याने मांडले. पेत्राला प्रभूकडून पाय धुऊन घेणे जड गेले होते. म्हातारपणी दुसरा कोणी तुला वस्त्र नेसवील, हेही प्रभूने पुढे त्यालाच सांगितले (योहान २१:१८).

अर्थात, घेणाऱ्याला सद्गुण शिकवणे आम्हांला सोपे. चादरी धुणारी बहुतेक घरी एकटी सूनच असते. चौथ्या आज्ञेतून मुलगे वगळलेले नाहीत.

काही घरांत पाणी कमी पाजतात. तसे करू नका. लघवी घट्ट होऊन जळजळ वाढते, बद्धकोष्ठ होते आणि मूळ त्रासही वाढतो. 'वयच झाले' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. मूत्रमार्गातला संसर्ग, मधुमेह, पुरुषांत प्रोस्टेट, कधी रक्तदाबाची एखादी गोळीही कारण असते आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. रात्री अंधारात घाईने उठल्यामुळे खुब्याचे हाड मोडते. खाटेजवळ भांडे ठेवा, दिवा राहू द्या.

देवळातले बाजूच्या दाराजवळचे शेवटचे दोन बाक वयस्करांसाठी मोकळे ठेवले आहेत. शौचालयाचे कुलूप मिस्साआधी अर्धा तास काढले जाईल. मध्येच उठावे लागले तर खुशाल उठा, आमचे प्रवचन चालू असले तरी.