रिकाम्या सिंहासनासमोर



चीनची राजधानी बीजिंग येथील सम्राटांच्या जुन्या राजवाड्याला ‘निषिद्ध नगरी’ म्हणतात. १४०६ ते १४२० या काळात तो बांधला गेला. सुमारे ७२ हेक्टर जागा, दहा मीटर उंच तट आणि सभोवती ५२ मीटर रुंद खंदक! मुख्य वेशीची मधली वाट फक्त सम्राटाची. सम्राज्ञीलाही तेथून एकदाच, लग्नाच्या दिवशी, प्रवेश मिळे. सामान्य माणसाला तर वाड्यात पाऊल ठेवण्याचीही बंदी होती.

१६०१ साली येशूसंघीय धर्मगुरू मातेओ रिची तेथे पोहोचले. आपल्याला ते परके नाहीत. १५७८ साली ते गोव्यात आले होते आणि १५८० साली कोचीन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. चीनमध्ये राहू लागल्यापासून बीजिंगला स्थिरावण्यास त्यांना अठरा वर्षे लागली. त्यांनी भेट दिलेली ठोके देणारी घड्याळे वानली सम्राटाला फार आवडली. पण सम्राट त्यांना कधीच भेटला नाही. फादर रिचींनी नमन केले ते रिकाम्या सिंहासनाला.

सम्राट आपल्या मंत्र्यांनाही क्वचितच भेटे. अर्ज अनुत्तरित राहत, पदे वर्षानुवर्षे रिकामी राहत. बाहेरच्यांना अडवण्यासाठी बांधलेल्या तटाने आतल्यालाच कोंडून घातले होते.

मग मोठेपणाला अंतर लागते का? कोणी म्हणेल, मर्यादा नको का? वेदीचे पावित्र्य नको का? जरूर हवे. पण उंबरठा दोन प्रकारचा असतो. एक आपल्याला क्षणभर थांबवतो, नम्र करतो आणि आत घेतो. दुसरा माणूस पाहून दार लावतो. पहिल्यात आदर आहे, दुसऱ्यात अहंकार.

आपला राजा गोठ्यात जन्मला. त्याला प्रथम भेटले ते मेंढपाळ. त्याच्या मरणसमयी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. देवाने स्वतःच आडोसा दूर केला असताना आपण नवे तट का उभारावेत? सणाच्या दिवशी पुढची बाके कोणासाठी राखली जातात? भाड्याने राहायला आलेल्या कुटुंबाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? घरातल्या म्हाताऱ्यांना आपल्याशी बोलायला वेळ मागावा लागतो का?

१९२४ साली शेवटच्या सम्राटाला तो वाडा सोडावा लागला. १९२५ साली तेथे संग्रहालय झाले. आज तिकीट काढून कोणीही आत जातो, सिंहासन पाहतो आणि परततो. सिंहासन रिकामेच आहे. फादर रिची मात्र १६१० साली वारले आणि त्याच शहराच्या मातीत विसावले. ती जागा सम्राटानेच दिली होती. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या थोर सद्गुणांना मान्यता दिली.

आपल्या मंदिरातील आसन रिकामे नाही. तेथे प्रभू वाट पाहत आहे. आज मिस्सानंतर बाहेर पडताना, शेवटच्या बाकावर एकटे बसलेल्या व्यक्तीशी दोन शब्द बोलूया. तेवढ्यानेही एक तट ढासळेल.