क्लचची केबल : भाचीस पत्र

जालना

चि. ताईस,


घनसावंगीच्या रस्त्यावर क्लचचं पेडल एकाएकी तळाला जाऊन बसलं आणि गाडी तिथंच सोडून तू दुसऱ्याच्या मोटारसायकलवर शाळा गाठलीस, हे काल तुझ्या आईकडून कळलं. संध्याकाळी ट्रॅक्टरला बांधून गाडी घरी आणलीत, हे बरं झालं. आता तुटलेली केबल घरीच बदलायची म्हणतेस, तर खुशाल बदल. तुझ्या हातून होण्यासारखं काम आहे. फोनवरही सांगता आलं असतं, पण ग्रीसच्या हातांनी मोबाइल उघडत नाही. कागद बॅटरीवर टेकवून ठेवता येतो, म्हणून लिहितो.

तुमची मारुती 800 जुनी झाली, याचा या कामात फायदाच आहे. पहिली 800 ग्राहकाच्या हाती पडली 14 डिसेंबर 1983 रोजी आणि उत्पादन थांबलं जानेवारी 2014 मध्ये. एवढ्या वर्षांत गाड्या इतक्या खपल्या, की तिचे पार्ट अजून मिळतात. शिवाय तिचा क्लच निव्वळ तारेवर चालतो; बऱ्याच नव्या गाड्यांसारखं तेल नि सिलिंडर त्यात नाही. बाहेरचं वेष्टण जागच्या जागी राहतं, आतली तार सरकते आणि गिअरबॉक्सवरची लिव्हर ओढते. सायकलच्या ब्रेकला असते तीच ही युक्ती. अर्नेस्ट बाउडेन नावाच्या माणसानं 1896 साली तिचं पेटंट मागितलं होतं.

नवी केबल आणायला जाताना जुनी सोबत ने. मॉडेल आणि साल सांग, पण तेवढ्यावर थांबू नकोस. काउंटरवर दोन्ही केबली शेजारी धरून लांबी, दोन्ही टोकांची बनावट आणि आट्यांची जाडी जुळते का बघ. ‘800 ची सगळ्यांना हीच लागते’ असं दुकानदार म्हणाला तर मान हलव, आणि तरी जुळवून बघ. स्वस्तातली केबल घेऊ नकोस. वाचलेले पैसे पुढच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याला जातात.

आता जे बहुतेक लोक करत नाहीत ते सांगतो. जुनी केबल टाकून देण्याआधी तिचं तुटलेलं टोक उजेडात धरून नीट बघ. ती एक तार नसते, बारीक तारांचा पीळ असतो. एकेक तार तुटून बाहेर आलेली दिसेल. बोटाला टोचेल, जपून. काही टोकं गंजून काळपट झालेली असतील, काही अजून चकचकीत असतील. काळी टोकं बऱ्याच आधी तुटलेल्या तारांची, चकचकीत टोकं त्या दिवशी तुटलेल्यांची. म्हणजे केबल परवा तुटली नाही, बऱ्याच दिवसांपासून तुटत होती. आपल्या जालन्यात बनणारी सळई एकदा वाकवून स्लॅबमध्ये गाडली की सुटली. केबलची तार मात्र दर दाबाला त्याच जागी वाकते. घनसावंगी-अंबड पट्ट्यात ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांच्या मागे रांगत जाताना क्लच किती वेळा दाबला जातो, हे तुला सांगायला नको.

आता तुटली कुठं ते बघ. पेडलच्या हुकापाशी तुटली असेल तर तिथली पिन कोरडी पडली असेल किंवा हुक झिजून त्याला धार आली असेल. लिव्हरच्या बाजूला तुटली असेल तर तार ब्रॅकेटमधून सरळ न निघता तिरपी ओढली जात असेल. मध्येच वेष्टण वितळलेलं असेल तर ती सायलेन्सरच्या गरम पाइपाला लागत होती. हे कारण दुरुस्त न करता नवी केबल टाकलीस, तर तीही लवकरच त्याच जागी तुटेल.

इंजिन गार झाल्यावर कामाला लाग. सपाट जागा, न्यूट्रल, हँडब्रेक आणि चाकांना पुढून-मागून दगड. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेव. पाना चुकून सेल्फच्या टर्मिनलला लागला तर ठिणगी उडते. काढण्याआधी केबल कुठून कशी गेली आहे याचे दोन-चार फोटो घे. गिअरबॉक्सकडच्या आट्यांवर नट कुठवर बसला होता ते स्केचपेननं खूण करून ठेव. एअर फिल्टरचा डबा आड येत असेल तर तो उचलून बाजूला कर. जॅक लावायचं काम सहसा पडत नाही. पडलंच, तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. इथं माझं ऐकायचंच.

आधी गिअरबॉक्सकडचा नट सोड, लिव्हरमधून टोक काढ, ब्रॅकेटमधून वेष्टण मोकळं कर. मग ड्रायव्हरचं सीट पूर्ण मागं सरकव, पाठीवर झोपून डोकं पेडलांखाली घाल आणि हुक सोडव. ही जागा अडचणीची आहे. मान अवघडेल, टॉर्च दातात धरावी लागेल, तोंडावर माती पडेल. जावईबापूंना टॉर्च धरायला बसव, सल्ला द्यायला नको.

नवी केबल जुनीच्याच वाटेनं ने. कुठंही तिला कोपरा पडू देऊ नकोस. वळण मोठं आणि सैल असावं. मधल्या पत्र्यातलं रबर नीट बसव, नाहीतर पावसाळ्यात पाणी पायाशी येतं. पेडलच्या पिनीवर आणि हुकावर बोटभर ग्रीस लाव. वेष्टणात मात्र तेल ओतायच्या फंदात पडू नकोस. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलीला ते लागत नाही, आणि आपल्याकडची काळी धूळ तेलात मिसळली की आत चिखल होतो.

खरी मेख नट किती आवळायचा यात आहे. पेडल बोटानं हळूच दाबलं तर सुरुवातीचा थोडा भाग सैल, बिनजोर गेला पाहिजे. ही ढील साधारण दोन सेंटिमीटर. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असेल, तो धर. नट फिरवताना तारेचं टोक पकडीनं धरून ठेव, नाहीतर तार आतल्या आत पिळली जाते. मग पेडल वीस-पंचवीस वेळा पूर्ण दाबून पुन्हा मोज, कारण नवी केबल थोडी बसते.

बरेच जण क्लचची काहीही तक्रार आली की नट आवळतात. केबल ताणली गेली असेल तर ते बरोबर आहे. ढील वाढलेली असते, रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो. पण क्लचप्लेट झिजली की या गाडीत उलटं होतं. ढील कमी होत जाते. तेव्हा नट सैल करायचा असतो. तिथं आवळलास, तर क्लच कायमचा थोडा दाबलेला राहतो, घसरतो, प्लेट जळते आणि केबलीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. म्हणून आधी ढील मोज, मग पान्याला हात लाव.

बॅटरी जोडून इंजिन सुरू कर. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांब आणि रिव्हर्स टाक. न कुरकुरता पडला तर क्लच पूर्ण सुटतोय. मग मोकळ्या जागी, पुढंमागं कुणी नसताना, हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाक आणि क्लच हळू सोड. इंजिन धडपडून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच घे, पुन्हा पुन्हा नाही. शे-दोनशे किलोमीटर झाले की ढील परत बघ.

पुन्हा कधी रस्त्यात केबल तुटलीच, तर ट्रॅक्टरची वाट बघायला नको. तुटते त्या क्षणी अॅक्सिलरेटर सोड आणि गिअर ओढून न्यूट्रलला आण. भार उतरला की तो निघतो. नंतर इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाक आणि चावी फिरव. गाडी सेल्फवरच सरकते आणि चालता चालता सुरू होते. मग तशीच सावकाश पुढच्या गावापर्यंत ने, थांबायचं झालं तर ब्रेक दाबून इंजिन बंद पडू दे. सेल्फवर आणि बॅटरीवर याचा ताण येतो. बाजारात किंवा चढावर हा प्रयोग नको, पुढं माणूस किंवा जनावर असताना तर मुळीच नको.

नवी केबल टाकूनही पेडल जड वाटलं, किंवा हातानं हलवून बघताना लिव्हर गंजून अडकत असली, तर तिथंच थांब. दोष आत आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ते अंगणातलं काम नव्हे, मेकॅनिककडे ने. आणि या वेळी दोन केबली घे. एक डिकीत राहू दे, गुंडाळी मोठी ठेवून. घडी घातलीस तर वापरण्याआधीच ती वाया गेली.

10, 12 आणि 14 चे पाने माझ्याकडे जास्तीचे आहेत. शनिवारी अंबडला येणाऱ्या कुणाच्या हाती पाठवतो. मोसंबीला पाणी पुरतंय का ते कळव. सासूबाईंना नमस्कार.

तुझा,
मामा