लागलेली ड्युटी

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या एसटी स्टँडवर संध्याकाळी पंधरा मिनिटं उभं राहिलं की हा शब्द दहादा कानावर पडतो. एक कंडक्टर दुसऱ्याला विचारतो, "उद्या कुठली ड्युटी?" दवाखान्यातली सिस्टर डबा सावरत येते, तिची आज नाइट ड्युटी. बाकड्यावरचे म्हातारबा शेजारच्या मास्तरांना छेडतात, "काय गुरुजी, लागली का इलेक्शनची ड्युटी?" गुरुजी म्हणतात, "लागली की. आपल्याला कुठं सुटका?"

ड्युटी 'लागते', हे मला फार आवडतं. मराठीत भूक लागते, ठेच लागते, नंबर लागतो, नोकरी लागते. आणि मनात असो-नसो, जे टळत नाही ते 'करावं लागतं'. शब्द परका घेतला, पण बांधला आपल्याच दावणीला. 'पाहिजे'ही असंच गमतीचं. मुळात ते 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप, म्हणजे 'पाहिलं जातं'. आपल्या व्याकरणात बंधन आतून उगवत नाही. ते बाहेरून येऊन चिकटतं, नाहीतर कुणीतरी आपल्या कामाकडे डोळे लावून बसलेलं असतं.

भाषेची काळजी वाहणारी मंडळी विचारतात, 'कर्तव्य' हा चांगला शब्द असताना ड्युटी कशाला? मग करून बघावं. "उद्या माझं कर्तव्य तुळजापूरला आहे," असं त्या कंडक्टरनं म्हटलं तर स्टँड हसेल. आणि 'मूलभूत ड्युट्या' म्हटलं तर नागरिकशास्त्राचं पुस्तक हसेल. ही मूलभूत कर्तव्यं 1976 साली 42व्या घटनादुरुस्तीनं आली, ऐन आणीबाणीत, नागरिकांचे हक्क गुंडाळून ठेवलेले असताना. तेव्हा दहा होती, 2002 मध्ये अकरावं जोडलं गेलं. त्यातल्या एकालाही वेळ नाही, रजा नाही, पगार नाही. कर्तव्य हे असंच असतं: उंच, पवित्र आणि न संपणारं. ड्युटीला मात्र सुरुवात असते, शेवट असतो, नोंदवहीत सही असते. तेव्हा 'ड्युटी' म्हणजे 'कर्तव्य'चं इंग्रजी सोंग नव्हे. ती निराळी वस्तू आहे, आणि तिला नाव लागत होतं.

मग मराठीत या वस्तूला नाव का नव्हतं? माझ्या मते, ती वस्तूच गावात नव्हती म्हणून. गावगाड्यात काम होतं, बंधनही होतं, पण ते जन्माबरोबर येई. येसकरकी, वतन, वेठ, बलुतं हे कामाचे शब्द. त्यांना सुटण्याची वेळ ठाऊक नव्हती. महार वतनाविषयी डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात 1874च्या वतन कायद्यावर दुरुस्ती विधेयक मांडलं, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार हीच होती. नेमकं काम कोणतं ते ठरलेलं नाही, तास ठरलेले नाहीत, बाप घरी नसेल तर घरातल्या कुणालाही कामाला जुंपलं जातं, आणि मोबदला म्हणून बलुत्याचे दाणे नि इनामाचा तुकडा. पुढं फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषदेसाठी ते कसबे तडवळ्याला आले. ते गाव आज आपल्याच धाराशिव जिल्ह्यात आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर बाबासाहेब वतनाच्या जागी ड्युटी मागत होते: काम नेमून द्या, तास नेमून द्या, दाम नेमून द्या, आणि मग माणसाला घरी जाऊ द्या.

गिरणगावानं याच गोष्टीला 'पाळी' म्हटलं. पहिली पाळी, रातपाळी. अस्सल मराठी शब्द. गावातही तो होता, येसकराची पाळी म्हणून. पण गिरणीच्या भोंग्यानं त्याला तास चिकटवले, आणि कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीनं 1890 साली त्याला रविवारची सुट्टी मिळाली. 1948च्या कारखाना कायद्यानं आठवड्याचे 48 तास ठरवले. पाळी मराठीतच राहून बदलली, ड्युटी बाहेरून आली. शब्दाच्या कुळाशी मला देणंघेणं नाही. घड्याळ त्यात आहे की नाही, ते मी बघतो.

ड्युटीचा दुसरा चेहरा मला माहीत आहे. "ही माझी ड्युटी नाही," हे वाक्य ज्यानं खिडकीसमोर उभं राहून ऐकलंय त्याला तो सांगायला नको. माझाही एका दाखल्यासाठी एका कचेरीत असा दिवस गेला आहे. तीन टेबलं फिरलो, ड्युटी चौथ्यावर निघाली. पण दोष शब्दाचा नाही. ड्युटी कुणाची हे आधी लिहून न ठेवण्याचा तो दोष. सरकारी मराठी इथं फार निसटती आहे. इंग्रजी कायद्यात जिथं 'शॅल' म्हणजे 'केलंच पाहिजे', तिथं आपला अधिनियम 'करील' म्हणतो. अधिकारी नोंद ठेवील, दाखला देईल. वकिलाला त्यातली सक्ती कळते, पण शेतकऱ्याला तो साधा भविष्यकाळ वाटतो. देईल, कधीतरी देईल. 2015चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. त्यात सेवेला मुदत आहे, पदनिर्देशित अधिकारी आहे, आणि चुकला तर त्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. कायद्याची मराठी तीच बोजड, पण आत ड्युटी आहे. कुणाची, किती दिवसांत, नाहीतर काय.

आता ड्युटी कुणाला म्हणता येत नाही, ते बघू. दिवाळी झाली की वाशी, भूम, परांड्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', वरती मुकादम, डोक्यावर उचल. फडात कारखान्याचा स्लिपबॉय येतो; तो ड्युटीवर असतो. काट्यावरचा माणूस ड्युटीवर असतो. ट्रॅक्टर रात्री दोनला आला तरी मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढणारी बाई मात्र ड्युटीवर नसते. ती 'तोडीला' असते. उचल फिटेपर्यंत तिची सुट्टी होत नाही, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते. एकाच फडातल्या एकाच रात्री ज्याच्या कामाला ड्युटी म्हणतात त्याचे तास मोजले जातात. जिच्या कामाला म्हणत नाहीत, तिच्या मोळ्या मोजल्या जातात.

मधल्या पायरीवर अंगणवाडी ताई आणि आशाताई. ताईंना पगार नाही, 'मानधन'. आशांना 'मोबदला', आणि कागदोपत्री पदनाम 'स्वयंसेविका'. जिथं सरकारला काम हवं असतं पण कामगार नको असतो, तिथं हे गोड मराठी शब्द आठवतात. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2022 मध्ये अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू केली आणि मानधन हेही वेतनच आहे असं मानलं. आशांचा प्रश्न अजून संपावर संप बघतो आहे.

आमच्या गल्लीतली आशाताई पोलिओच्या रविवारी सकाळी लसीचा डबा खांद्याला लावून निघाली होती. सासूबाईंनी आतून विचारलं, "आज रविवार, आजच्या दिवशी कुठं?"

"ड्युटीय माझी," ती म्हणाली, आणि चपला घातल्या.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. नातवाला त्यांनी स्वतःच जेवायला बसवलं.