चालीवरचे नाव

गेल्या वर्षी गणेशचतुर्थीला पंधरवडा असेल-नसेल. पावसाची झड लागलेली होती आणि त्या भरात संध्याकाळी चार तरुण माझ्या दिवाणखान्यात येऊन बसले. त्यांतले दोघे खानदेशातून उदरनिर्वाहासाठी येथे आलेल्या कुटुंबांतले, लिंबायतकडे राहणारे. तिसरा कापडबाजारातील एका पेढीवर हिशेब लिहिणारा. आणि चौथा फोंड्याकडचा, ज्याचे वडील नोकरीच्या निमित्ताने सुरतेस आले आणि येथलेच झाले. चौघे मिळून देवळात भजन करतात, उत्सवात गातात. त्यांनी गणपतीचे एक नवे गीत बसविले होते. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गिटार हिशेबनिसाचे आणि तबला त्या गोव्याकडच्या मुलाचा. ध्वनिमुद्रणही झाले होते. परंतु आजकाल असे गीत लोकांपुढे ठेवावयाचे म्हणजे कर्त्यांची नावे आणि प्रत्येकाचा टक्का भरून द्यावा लागतो. तिघांचे म्हणणे असे की, चौघांचीही नावे गीतकार-संगीतकार म्हणून घालावी आणि पंचवीस-पंचवीस टक्के वाटून घ्यावे. तसा करार मी लिहून द्यावा एवढ्यासाठी ते आले होते.

भांडण असे नव्हतेच. वकिलाच्या घरी वाटणीसाठी येणारी माणसे सहसा जास्त मागावयास येतात. येथे उलट झाले. तबलजीने मान खाली घालून सांगितले, "वकीलसाहेब, चाल मी केलेली नाही. मी फक्त ठेका धरला. मग चालीखाली माझे नाव कसे?" आणि मग मला नव्हे, स्वतःशीच म्हणाल्यासारखे, आपल्या घरच्या भाषेत, "म्हजें न्हय तें हांव म्हजें कशें म्हणूं?"

मी हसून म्हणालो, "अरे, ज्याची चाल आहे तोच देतो आहे. देणारा राजी, घेणारा राजी, मग कायदा काय करणार?" त्यावर तो म्हणाला, "कायद्याचे नाही हो. देवाचे गाणे आहे. त्यावर खोटी सही नको."

त्याचे हे वाक्य त्या रात्री मला झोपू देईना. वीस वर्षे मी करार लिहीत आलो, आणि संमती असली म्हणजे प्रश्न मिटला, असे मानण्याची मला सवय जडली आहे. परंतु पैसा देता येतो तसे कर्तृत्वही देता येते काय? शेत मी तुला बक्षीस दिले, तर ते तुझे झाले. माझ्या हातून झालेले काम मी तुला बक्षीस दिले, तर ते तुझ्या हातून झाले असे होते काय?

या प्रश्नाचा विचार करावयास सुरतकराला फार दूर जावे लागत नाही. दक्षिणेकडे, आजच्या नवसारी जिल्ह्यात, उनाईच्या गरम पाण्याच्या कुंडांचा जो वांसदा तालुका, तेथले जयकिशन डाह्याभाई पांचाळ. घरचा धंदा सुताराचा. मुलगा हार्मोनियम शिकला आणि मुंबईस गेला. तेथे त्याला पृथ्वी थिएटरमधला, हैदराबादहून आलेला शंकर नावाचा तबलावादक भेटला, आणि १९४९ साली 'बरसात' या चित्रपटापासून 'शंकर-जयकिशन' हे नाव हिंदुस्थानभर झाले. या जोडीत एक अलिखित करार होता, असे वारंवार लिहिले गेले आहे: कोणती चाल कोणाची, हे बाहेर कोणालाही सांगावयाचे नाही. श्रेय दोघांचे, अपश्रेयही दोघांचे.

माझ्या तबलजीच्या मापाने पाहिले तर ही प्रत्येक वेळी अर्धी खोटी सही होय. पण तसे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण सुरतेच्या कोणत्याही पेढीवर सापडेल. पेढीच्या नावात दोन भागीदार असतात. आजचा सौदा त्यांतल्या कोणी पटविला, हे पावती सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारीत नाही. १९३२ चा भागीदारी कायदाही म्हणतो की, वेगळा करार नसेल तर नफा-तोटा सारखा. कोणी किती घाम गाळला याचे माप तो काढीत बसत नाही. पेढीचे नाव ही साक्ष आहे खरी. पण अमुक काम अमुकाने केले याची ती साक्ष नव्हे, आम्ही दोघे या कामास बांधलेले आहोत याची ती साक्ष.

१९५७ चा आमचा कर्तृत्वहक्काचा कायदा यापेक्षा थोडा कडक आहे. ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, तीच संयुक्त कर्तृत्वाची कृती, असे तो म्हणतो. ही व्याख्या वाचताना मला नेहमी दुधात विरघळलेल्या साखरेची आठवण होते. पारशी बांधवांच्या संजाणच्या कथेतली ती साखर याच किनाऱ्यावरची. आणि या व्याख्येतून एक विलक्षण गोष्ट निघते. कर्त्याच्या मृत्यूनंतर हक्क साठ वर्षे टिकतो. पण कृती संयुक्त असेल, तर ती साठ वर्षे शेवटी मरणाऱ्याच्या मृत्यूपासून मोजावयाची. जयकिशन १९७१ च्या सप्टेंबरात गेले, शंकर १९८७ च्या एप्रिलात. म्हणजे एखादी चाल एकट्या जयकिशनांची ठरली, तर तिचा हक्क २०३१ अखेर संपेल. दोघांची ठरली, तर २०४७ अखेर. जोडीदाराच्या आयुष्याची सोळा वर्षे मेलेल्या मित्राच्या चालीला मिळतात. मौनाला इतके व्यावहारिक फळ येईल, याची त्या दोघांना कल्पनाही नसावी.

ते मौन मोडले ते 'संगम'च्या वेळी, म्हणजे १९६४ च्या सुमारास. त्यातील एका अतिशय गाजलेल्या गीताची चाल आपली, असे जयकिशनांनी नियतकालिकातून सांगून टाकले आणि त्यावरून दोघांची मने दुखावली, असे सांगतात. पुढे कामे वेगवेगळी होऊ लागली. नाव मात्र एकच राहिले. आणि १९७१ नंतर एकटे उरलेले शंकर पुढील सोळा वर्षे ज्या चाली करीत राहिले, त्यांवरही त्यांनी 'शंकर-जयकिशन' हेच नाव घातले.

येथे थांबून मी वाचकांना एक गोष्ट विचारू इच्छितो, कारण मला तिचा उलगडा अद्याप नीट झालेला नाही. जयकिशन जे बोलले ते, आपल्याला कळते त्यावरून, खरे होते. शंकरांनी १९७१ नंतर जे लिहिले ते, शब्दशः घेतले, तर खोटे होते. मेलेला मनुष्य चाल करीत नाही. असे असून आपण पहिल्याला दोष देतो आणि दुसऱ्यापुढे हात जोडतो. का? सत्याची आपली चाड इतकी पातळ आहे काय? वकिलाच्या धंद्यात राहून मी हेही सांगितले पाहिजे की, त्या जोडनावाला बाजारात किंमत होती आणि एकट्या शंकराच्या नावाला तेवढी नव्हती. शंकरांच्या मनात मैत्री किती आणि व्यवहार किती, हे तोलणे माझ्या तराजूचे काम नव्हे. तरीही हात जोडले जातात. मला वाटते, जयकिशनांचे वाक्य खरे असले तरी ते दिलेला शब्द मोडून बोललेले होते. आणि ज्याला शब्द दिला होता, त्याच्या वाट्याला त्या खरेपणातून फक्त उणेपणा आला. शंकरांच्या सहीने कोणाचे काही उणे झाले नाही.

कोणाचेच नाही, असे लिहिले आणि लेखणी अडखळली. जोडीच्या आत हे नाव उदार होते. जोडीच्या बाहेर ते एखाद्या बंद दारासारखे होते. त्या दाराबाहेर सेबॅस्टियन डिसोझा होते, गोव्याचे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत व्हायोलिनांचे जे थवे उठतात, मूळ चालीला छेद न देता तिच्याभोवती दुसरी चाल फिरते, ती वाद्ययोजना त्यांची. दाराबाहेर दत्ताराम वाडकर होते, तेही गोव्याचेच. काही चित्रपटांच्या नामावलीत या दोघांची नावे 'सहायक' म्हणून येतात, इतकेच. १९६८ साली याच जोडीच्या नावाने रागांवर आधारलेली जाझ पद्धतीची एक तबकडी निघाली. तीत रईस खान यांची सतार आहे आणि दिलीप नाईक व अॅनिबल कॅस्ट्रो यांचे गिटार. ऐकताना पुष्कळदा वाटते की, येथे संगीतकार कोण आणि वादक कोण? कायदा वाद्ययोजनेला मूळ कृतीचे रूपांतर समजतो. मूळ धनी तो, रूपांतर करणारा त्याच्या परवानगीने वागणारा पाहुणा. पण पाहुण्याने घर बांधले असेल तर?

आपल्या परंपरेत नावाची हाव नव्हती, असे या ठिकाणी कोणीतरी म्हणेलच. देवळातल्या सभामंडपात पिढ्यान्पिढ्या वाजलेल्या परणी कोणाच्या, हे कोण सांगणार? हे खरे आहे, पण अर्धेच. जनाबाई आपल्या नाममुद्रेत नामदेवांचे नाव आपल्या नावाआधी घेते. ते घेणे तिचे आहे; तिच्या तोंडचे नाव कोणी पुसलेले नाही. संगीत नाटकांची जुनी पुस्तके उघडावी, तर प्रत्येक पदाच्या माथ्यावर छापलेले असते, 'चाल' अमुक. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासूनची ही रीत. ज्या जुन्या लावणीवरून वा पदावरून स्वर घेतला, तिचे नाव आधी आणि मग आपले शब्द. रचणाऱ्याचे नाव ठाऊक नसेल, तर निदान ऋण ठाऊक आहे एवढे तरी सांगावयाचे. आणि कर्मफळाचा त्याग हा ज्याच्या हाती फळ आले त्यालाच करता येतो. ज्याला ते मिळालेच नाही, त्याला आपण त्यागी म्हणतो तेव्हा आपण आपलीच सोय पाहत असतो. गोमंतकातल्या ज्या कलावंत घराण्यांनी देवळांचे संगीत सांभाळले, त्यांतून लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांसारखे एखादेच नाव उजेडात आले. बाकीच्यांनी ते सोडले नव्हते. ते त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

हे सगळे मनात घेऊन चार दिवसांनी मी त्या मुलांना पुन्हा बोलाविले. चहा येईपर्यंत त्यांचा आपसांत एक खेळ चालला होता: एकदाच साथ करावयास मिळाली, तर कोणाची करशील? गिटारवाल्याने ब्रिजभूषण काब्रांचे नाव घेतले. काब्रा अहमदाबादचे, मांडीवर आडवे गिटार घेऊन त्यांनी त्यातून राग काढला, २०१८ साली ते वारले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली त्यांनी केलेली काश्मीरच्या मेंढपाळाच्या दिवसाची ती तबकडी या मुलाला तोंडपाठ आहे. ती घडवून आणणारे जी. एन. जोशी हे मूळचे आमच्याच धंद्यातले, नागपूरचे वकील, हे मी अभिमानाने सांगून घेतले. मग विचारले, "तबला कोणाचा त्यात?" हिशेबनीस गप्प झाला. तबलजी मात्र लगेच म्हणाला, "माणिकराव पोपटकर."

मग मी त्याला दत्तारामांची गोष्ट सांगितली. ढोलकीवर ते एक ठेका असा धरीत की, मुंबईचे वादक त्याला 'दत्ताराम ठेका' म्हणू लागले. ठेक्यावर कायद्याने सहसा कोणाची मालकी लागत नाही, नामावलीत ठेक्याला रकाना नसतो. पण ज्यांना वाजवावयाचे होते, त्यांनी नाव देऊन टाकले. "तेव्हा 'मी फक्त ठेका धरला' हे वाक्य जपून वापर," मी म्हणालो. माझा सल्ला असा होता: पैसे चौघांत सारखे वाटावेत, कारण पैसा ही देता येण्याजोगी वस्तू आहे, नावे मात्र ज्याच्या त्याच्या कामासमोर घालावीत, शब्द, चाल, गिटार, ताल. शंकर-जयकिशन यांना मी हा सल्ला दिला असता, तर ती जोडी पहिल्याच वर्षी मोडली असती, हे मला कळत होते. ते मी बोललो नाही.

चाल करणारा मुलगा इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "साहेब, अंतऱ्याआधी जी जागा रिकामी सोडली आहे, ती मी सोडलेली नाही. याने तालमीत सम चुकविल्यासारखे केले आणि मी पुढची ओळ अर्ध्या मात्रेने मागे ओढली. लोक गुणगुणतात ती तीच जागा. मग चाल माझ्या एकट्याची कशी?"

तबलजीने त्याच्याकडे पाहिले. हे खरोखर तसे घडले होते, की मित्राची अडचण सोडविण्यासाठी त्याला त्या क्षणी सुचले, ते मला ठाऊक नाही. मित्रासाठी साक्ष देणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांतली काही खरे बोलत होती. "तशें जाल्लें?" तबलजीने गोंधळून त्यालाच विचारले. दुसऱ्याला कोंकणी येत नसावी, पण त्याने मान हलविली.

मी कागद पुढे सरकविला. चालीच्या रकान्यात दोघांची नावे लिहिली गेली. टक्क्याच्या जागी मात्र तबलजीने पंचविसाऐवजी दहा लिहिले, गिटारवाल्याने ते खोडले, आणि दोघांची जुंपली ती पाऊस उघडेपर्यंत. शेवटी तो रकाना तसाच कोरा ठेवून मी त्यांना घरी पाठविले. तबला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर घेऊन तो स्कूटरच्या मागे बसला, आणि गल्लीच्या वळणापर्यंत त्यांचा वाद मला ऐकू येत होता.