पडदा

रंगभूमीवरचा पडदा झाकतो, नैवेद्याच्या वेळी गाभाऱ्यापुढे ओढला जातो तोही झाकतो, आणि एखादी गोष्ट चारचौघांत जाऊ द्यायची नसेल तर आपण तिच्यावर पडदा टाकतो; पण कानातला पडदा काहीच झाकत नाही, उलट त्याच्यावाचून जग मुके होऊन जाते. झाकणारा आणि पोचवणारा या दोघांना भाषेने एकच नाव का द्यावे, हा प्रश्न माझ्याजवळ पुष्कळ वर्षे आहे. कीर्तनाच्या मंडपात वर बांधलेल्या कर्ण्याच्या मागे जो जड गोल डबा असतो, ज्याला मंडपवाले नुसते ‘युनिट’ म्हणतात आणि जाणकार कॉम्प्रेशन ड्रायव्हर म्हणतात, त्याच्या पोटातही एक पडदा आहे, तळहाताहून लहान, केसाच्या जाडीचा, घुमटासारखा. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, आणि आज हजारो श्रोत्यांचे ते श्रवण या पडद्यातून होते. म्हणून तो कशाचा केलेला आहे याचा विचार मला अवांतर वाटत नाही.

पडद्याचे काम सांगायला सोपे आहे. विजेच्या लहरीने तारेची कॉइल लोहचुंबकाच्या फटीत पुढेमागे हलते, तिला जोडलेला पडदा हलतो, आणि त्याच्यासमोरची हवा मोकळी पसरू न देता अरुंद वाटांतून दाबून कर्ण्याच्या गळ्यात सोडली जाते, जिथून कर्णा तिला हळूहळू रुंदावत बाहेर नेतो. पडदा जड, हवा हलकी, त्यांचा मेळ आपोआप बसत नाही. तो बसवणारा मध्यस्थ म्हणजे कर्णा. आपल्या कानात हीच वाट उलट दिशेने आहे: तिथे कानाच्या पडद्यावर पडलेली हलक्या हवेची थरथर तीन चिमुकली हाडे अंतःकर्णातल्या जड द्रवापर्यंत नेतात. 1926 च्या सुमारास, चित्रपट बोलू लागण्याच्या काळात, बेल प्रयोगशाळेतल्या वेन्ट आणि थुरास यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकसाठी 555 नावाचे युनिट घडवले, तेव्हा त्यांनी पडद्यासाठी अ‍ॅल्युमिनियम निवडले, आणि पुढची कित्येक दशके मोठ्या चित्रपटगृहांतला संवाद बहुतांशी अ‍ॅल्युमिनियमच्या पडद्यांमधूनच लोकांपर्यंत गेला.

आता मृदंगाचे कातडे आठवा. त्याला शाई लावतात, धुमेवर कणीक थापतात, ते तापवून-ताणून स्वरात आणतात, कारण त्याने स्वतः बोलावे अशीच आपली इच्छा असते. कर्ण्यातल्या पडद्याकडून अपेक्षा नेमकी उलट आहे: त्याने दुसऱ्याचे बोलावे आणि स्वतःचे काही बोलू नये. परंतु स्वभाव नसलेला पदार्थ सृष्टीत नाही. प्रत्येक पातळ घुमट एका मर्यादेपर्यंत अखंड हलतो, आणि ती ओलांडली की त्याचा मधला भाग एकीकडे, कडा दुसरीकडे, असा फुटून डोलू लागतो. मग जे ऐकू येते ते कीर्तनकाराचे नसते, पडद्याचे असते.

वेदान्तात मायेच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत, आवरण आणि विक्षेप. अंधारात दोरी दिसत नाही हे आवरण, आणि तिथे साप दिसतो हा विक्षेप. पडदा या शब्दात या दोन्ही शक्ती आहेत, हे मला या लहानशा घुमटाने शिकवले. पडदा जड किंवा मऊ असला तर वरचे सूक्ष्म स्वर तो पोचवत नाही, हे त्याचे आवरण. ताठ असूनही तो झणझणला तर मुळात नसलेले काही मिसळतो, हा त्याचा विक्षेप. पदार्थ निवडायचा म्हणजे यांपैकी कोणता दोष पत्करायचा ते ठरवायचे.

टायटॅनियमविषयी एक समज घट्ट रुजलेला आहे की ते अ‍ॅल्युमिनियमपेक्षा ताठ, म्हणून अधिक शुद्ध. ताठपणा त्याच्यात अधिक आहे खरा, पण वजनही जवळपास त्याच प्रमाणात अधिक आहे. आणि पडद्याची अखंडता या दोहोंच्या गुणोत्तरावर, म्हणजे त्या धातूतून ध्वनी किती वेगाने धावतो यावर अवलंबून असते. अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम या तिघांतही हा वेग सेकंदाला सुमारे 5,000 मीटरच आहे. टायटॅनियमचा खरा गुण सोसण्याचा. अ‍ॅल्युमिनियम लक्षावधी वेळा वाकून थकते, कडेला तडकते. टायटॅनियम टिकते, म्हणूनच 1980 च्या दशकापासून मोठ्या मंचांवर त्याचा प्रसार झाला. त्याला मोल टिकाऊपणाचे आहे, स्वच्छतेचे नव्हे, आणि त्याच्या अंगी थरथर जिरवण्याची शक्ती अल्प असल्यामुळे त्याचा विक्षेप कानाला टोचतो.

बेरिलियम मात्र निराळे. त्याची घनता 1.85, अ‍ॅल्युमिनियमच्या 2.7 हून पुष्कळ कमी, ताठपणा चौपटीहून अधिक, आणि ध्वनीचा वेग सेकंदाला 12,000 मीटरच्या वर. जो घुमट अ‍ॅल्युमिनियममध्ये सेकंदाला 10,000 कंपनांवर डोलू लागेल, तोच त्याच आकारात बेरिलियमचा केला तर 24,000 च्या आसपास डोलेल, म्हणजे माणसाच्या श्रवणाच्या सीमेपलीकडे. पाचू ज्या खनिजकुळातला, त्याच बेरिलमध्ये हा धातू असतो, आणि बेरिल हे नाव ग्रीकांमार्फत आपल्या प्राकृत ‘वेरुलिय’पासून, संस्कृतातल्या वैदूर्यापासून गेलेले आहे; रत्नाच्या नावाचा हा पडदा आवरण आणि विक्षेप दोन्हींपासून सर्वांत दूर आहे. पण तो अतिशय महाग, ठिसूळ, आणि त्याची धूळ फुप्फुसांना विषारी. फुटला तर उघड्या हाताने त्याचे तुकडे वेचू नयेत.

आपल्या गावोगावच्या कर्ण्यांत मात्र बहुधा फेनॉलिक पडदा असतो, म्हणजे राळेत भिजवून घट्ट केलेले कापड. पाच-सहा हजार कंपनांपुढे त्याचा आवाज झपाट्याने ओसरतो, टाळांची किनार बोथट होते, ‘स’ आणि ‘श’ जवळ येतात. तरी तो थरथर स्वतःमध्ये जिरवतो, मार खातो, टोचत नाही. नव्या पॉलिमर पटलांचे पडदे धातू आणि फेनॉलिक या दोन टोकांच्या मध्ये आहेत: धातूइतके ताठ नाहीत, पण हलके आणि शांत.

माझे मत असे की जिथे टाळ-मृदंगाची साथ आणि गायन प्रधान आहे तिथे चांगला पॉलिमर किंवा धातूचा पडदा हवा. पण जिथे दोन-तीन तास एकाच माणसाचे निरूपण चालते तिथे फेनॉलिकचे आवरण टायटॅनियमच्या विक्षेपापेक्षा बरे, कारण गाळलेली किनार श्रोत्याचे मन अर्थाच्या आधाराने भरून काढते, आणि मिसळलेला झणझणाट मात्र कोणालाही वेगळा काढता येत नाही.

तेव्हा देवळाची व्यवस्था पाहणाऱ्यांना एवढीच विनंती: युनिटचा पडदा फाटला तर दुरुस्तीला देताना तो कशाचा होता ते विचारा, त्याच जातीचा घाला, आणि मंडपाच्या दोन बाजूंच्या कर्ण्यांत दोन निरनिराळे पडदे बसू देऊ नका.